साखरपुड्यासाठी फिका निळा नीलम घेताय? या चुका टाळा

साखरपुड्याच्या अंगठीत हिऱ्याऐवजी फिका निळा नीलम मागणारी जोडपी हल्ली बरीच येतात. मला त्याचा आनंदच आहे. चांगल्या घाटाचा, म्हणजे पैलू नीट पाडलेला, फिका सिलोनी (श्रीलंकेचा) खडा दिवसाच्या उजेडात जसा खुलतो, तसं फार कमी रत्नांना जमतं. पण चुका त्याच त्या होतात आणि बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर लक्षात येतात. रंगीत खड्यांच्या धंद्यात रोज बसणारा माणूस म्हणून एकच सांगतो : गडद नीलम घेण्याचे आडाखे फिक्या नीलमाला लावू नका. गडद खड्याचा रंग घाटातले दोष आणि मागचा मळ झाकून टाकतो. फिका खडा काहीही झाकत नाही. म्हणून आधी घाट बघायचा, मग रंग आणि सगळ्यांत शेवटी वजन.

दुकानाच्या दिव्याखाली रंग पसंत करणं

दागिन्यांच्या दुकानात छतातून पडणारे पांढरे एलईडी हिरे चमकावेत म्हणून लावलेले असतात. त्या निळसर उजेडात फिका नीलमसुद्धा भरदार निळा वाटतो. तोच खडा घरी पिवळ्या बल्बखाली धरला की राखाडी पडतो आणि मग फोन येतो, 'दादा, खडा बदलला का हो?' खडा बदललेला नसतो. नीलमाचा निळेपणा त्यातल्या लोह आणि टायटॅनियमच्या अंशांमुळे येतो, आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी असतो. जे खड्यात शिरलंच नाही, ते तो परत कुठून पाठवणार? आणि आपल्याकडे साखरपुडे होतात बहुधा संध्याकाळी, हॉलच्या पिवळ्या झुंबरांखाली.

मी काय करतो ते सांगतो. खडा घेऊन दुकानाबाहेर सावलीत जायचं, जिथून मोकळं आकाश दिसतं अशा जागी. थेट उन्हात नाही, कारण उन्हात फिका रंग पार धुऊन निघतो. डाव्या हाताची दोन बोटं जुळवायची आणि त्यांच्या फटीत खडा माथा वर करून बसवायचा. असं केलं की खालून-बाजूंनी उजेड शिरत नाही, आणि अंगठीत बसल्यावर खडा जसा दिसेल जवळपास तसाच दिसतो. चिमट्यात धरलेला खडा मात्र चहूबाजूंनी उजेड पितो आणि असतो त्यापेक्षा उजळ दिसतो. सावलीतून मग ट्यूबलाइटखाली, तिथून पिवळ्या बल्बखाली. बल्बखाली थोडा मंदावला तरी हरकत नाही. राखाडी झाला तर परत ठेवायचा, किंमत कितीही चांगली असली तरी.

सराफ खडा बाहेर नेऊ द्यायला कचरत असेल तर त्यालाच सोबत यायला सांगा. त्यात गैर काही नाही. तेही नको म्हणाला तर मी तिथून खडा घेत नाही. आणि 'आजच फायनल करायचंय' म्हणत संध्याकाळी सात वाजता येऊ नका. मी अशांना सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावतो. काहीजण रागावून जातात, जाऊ देत.

फोनवरचा व्हिडिओ बघून पैसे पाठवणं हा याच चुकीचा पुढचा टप्पा. फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, आणि त्या ओढाताणीत निळ्याचं काय होईल ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. व्हिडिओवरून खडे बाजूला काढा, पण व्यवहार खडा हातात आल्यावर. मागवायचाच असेल तर परतीची मुदत लेखी घ्या.

'खिडकी' न बघणं, आणि ती बुजवायला धावणं

खडा वर्तमानपत्रावर माथा वर करून ठेवा आणि सरळ वरून बघा. मधल्या भागातून खालची अक्षरं वाचता आली, तर खड्याला खिडकी आहे. नीलमात तळाच्या पैलूंचा उतार साधारण ३५ अंशांहून कमी झाला, की वरून आलेला उजेड परत वर न येता खालून निघून जातो. श्रीलंकेत रत्नपुरा-बेरुवळच्या बाजूला वजन वाचवण्यासाठी पाडलेल्या घाटात हे नेहमी दिसतं : पोट फुगलेलं आणि तळ सपाट. गडद खड्यात खिडकी असली तरी रंगामुळे ती थोडीफार झाकली जाते. फिक्या खड्यात मधोमध पांढरं भोक पडल्यागत दिसतं, आणि बोटात घातल्यावर त्यातून त्वचा दिसते. आपला वर्ण गव्हाळ, त्यामुळे निळा खडा मधोमध तपकिरी होतो. मग कितीही घासा.

ही चूक वाईट आहेच, पण तिच्यावरचा घाईचा इलाज त्याहून वाईट. एक जोडपं माझ्याकडे अंगठी घडवून घ्यायला आलं होतं. खडा त्यांनी दुसरीकडून आधीच घेतलेला : लंबगोल, सिलोनी, दोन कॅरेटच्या आसपास, रंग अगदी पहाटेच्या आभाळासारखा. मधोमध मोठी खिडकी. मुलाने कुठेतरी वाचलं होतं की घाट बदलला की खिडकी जाते, आणि ते खरंही आहे. 'काका, तेवढं करून द्या, मग अंगठी घडवा,' असं त्याचं म्हणणं. मी पांढऱ्या कागदावर पाण्याचा काचेचा ग्लास ठेवला, खडा त्यात सोडला आणि दोघांना बाजूने बघायला सांगितलं. पाण्यात खड्याची चमक मरते आणि रंग नेमका कुठे आहे ते दिसतं. त्या खड्याचं सगळं अंग जवळपास पांढरं होतं. निळा रंग होता तो फक्त तळाच्या टोकाशी, एका पातळ थरात.

ही फसवणूक नव्हे. सिलोनी नीलमात रंग पट्ट्यापट्ट्यांनी येतो, आणि जाणता कारागीर तो पट्टा मुद्दाम तळाला ठेवतो. तळाच्या पैलूंवरून परतणारा उजेड त्या थरातून जातो आणि अख्खा माथा निळा दिसतो. फार कसबाचं काम आहे ते. पण खिडकी घालवायची तर कारागीर घासणार तळच. मी दोघांना बजावलं की रंग तिथेच आहे, हात लावू नका, खडा आहे तसा परत करा आणि दुसरा घ्या. परतीची मुदत संपत आली होती आणि साखरपुडा तोंडावर होता. त्यांनी तो दुसऱ्या एका कारागिराकडे दिला. खडा परत आला तेव्हा घाट सुरेख होता, खिडकी गेली होती आणि रंगही गेला होता. उरला तो पांढरट नीलम, तोही वजनाने कमी झालेला. मुलीने तो हातात धरून नुसतं माझ्याकडे बघितलं. मला काही बोलवेना.

तेव्हा पाण्याचा ग्लास मागायला लाजू नका. रंग अंगभर असेल आणि खिडकी लहान असेल, तर घाट सुधारता येतो. वजन मात्र बरंच जातं आणि कारागीर खरोखर जाणता लागतो. रंग तळाशी असेल तर खडा आहे तसा आवडतो का, एवढंच ठरवा. तिरपा केल्यावर कडेला पांढरी किनार दिसली, तर ती आयुष्यभर दिसणार आहे.

वजनावर जाणं

नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, तर तेवढ्याच वजनाचा नीलम सहाच्या आसपास. त्यात पोट फुगलेलं असेल तर तुम्ही पैसे देता ते न दिसणाऱ्या भागाचे. म्हणून मिलिमीटर विचारा. ८ बाय ६ चा नेटक्या घाटाचा लंबगोल दीड कॅरेटच्या जवळपास भरतो आणि बहुतेक हातांना शोभतो.

भाव कॅरेटचा की रत्तीचा, हेही स्पष्ट करून घ्या. सोन्याच्या तोलातली रत्ती ०.१२१५ ग्रॅमची. राशीच्या खड्यांच्या दुकानात रत्ती म्हणतात ती बहुतेक ठिकाणी ०.९१ कॅरेटची, म्हणजे ०.१८२ ग्रॅमची. बिलावर कॅरेटच लिहून घ्या.

'अनहीटेड' शब्दाला भुलणं

नीलम तापवून रंग आणि पाणी (पारदर्शकता) सुधारणं ही बाजारात मान्य असलेली गोष्ट आहे. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतले दुधाळ 'गेउडा' दगड तापवून निळे करायला सुरुवात केली आणि सगळ्या धंद्याचं गणित बदललं. गडद निळा न तापवलेला खडा दुर्मीळ असतो, त्याला जास्त पैसे मोजणं मी समजू शकतो. फिका निळा न तापवलेला त्यामानाने सहज मिळतो. त्यामुळे केवळ त्या एका शब्दासाठी दुप्पट भाव सांगितला तर उठून या. तेवढ्या पैशांत चांगला घाट घ्या.

खरी भीती दुसऱ्या प्रक्रियांची. पृष्ठभागातून टायटॅनियम किंवा बेरिलियम मुरवून रंग आणलेले खडे असतात, आणि भेगांत शिसं किंवा कोबाल्ट असलेली काच भरलेलेही असतात. काच भरलेला खडा सोनाराच्या आम्लात गेला की खराब होतो. म्हणून प्रमाणपत्र हवंच : जीआयए, जीआरएस, मुंबईची जीआयआय किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जीटीएल) अशा प्रयोगशाळेचं. त्यावर प्रक्रियेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ 'प्रक्रिया नाही' असा घेऊ नका. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा आणि वजन-मापं हातातल्या खड्याशी जुळवा. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

'आजीच्या जुन्या अंगठीतला आहे, म्हणजे खाणीतलाच.' नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑगस्त व्हेर्नुईने ज्वालेत माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत कृत्रिम नीलमही बाजारात आला. तपासून घ्या.

अ‍ॅक्वामरीन किंवा निळा पुष्कराज म्हणजेच टोपाझ 'हाही फिका नीलमच' म्हणून घेऊ नका. टोपाझ एका दिशेने झटक्यात दुभंगतो. काका-नीली, म्हणजे आयोलाइट, तर वेगळाच दगड.

नीलमाची कठीणता ९ म्हणून तो निर्धास्तपणे हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एका डबीत टाकू नका. हिरा त्यावर ओरखडे पाडतो.

फिक्या खड्याला मागून बंद कोंदण करू नका. मागे मळ साचतो आणि काढता येत नाही. प्लॅटिनम किंवा पांढरं सोनं असेल तर रंग स्वच्छ राहतो. पिवळं सोनंच हवं असेल तर निदान प्रॉंग, म्हणजे खडा पकडणारे काटे, पांढऱ्या सोन्याचे करा, म्हणजे पिवळी झाक खड्यात उतरणार नाही. सोनं १८ कॅरेटचं, हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बघून.

घरच्यांना शेवटी सांगणं

नीलम शनीचा. तो फिका असला तरी घरातली मोठी माणसं त्याला नीलमच म्हणणार, आणि 'लाभतो का बघितलंत का?' हा प्रश्न येणारच. अंगठी तयार झाल्यावर हा प्रश्न निघाला आणि ती कपाटात गेली, असं मी पाहिलं आहे. तुमचा विश्वास असो-नसो, दोन्ही घरांना ऑर्डरच्या आधी विचारा. बरीच घरं खडा तीन दिवस उशाशी ठेवून बघतात. तशी मुदत सराफाकडून आधीच मागून घ्या, बहुतेक देतात. आणि घरचे ठामपणे नको म्हणाले, तर निळा स्पिनेल घ्या. सुंदर रत्न आहे आणि कुणाची नाराजीही नाही.

'खडा मेला' ही तक्रार

साखरपुड्यानंतर काही महिन्यांनी हमखास ऐकू येणारी. खडा मंद झाला, निळा राहिला नाही, पांढरट दिसतो. दहातल्या नऊ जणांच्या खड्याला काहीही झालेलं नसतं. हाताला लावलेलं क्रीम, खोबरेल तेल, कणीक मळताना शिरलेलं पीठ हे सगळं खड्याच्या मागच्या बाजूला थर करून बसतं. तळाच्या पैलूंना मागे हवा असली तरच ते उजेड नीट परतवतात. तेलाचा थर बसला की उजेड खालून निघून जातो आणि चांगल्या घाटाच्या खड्यालाही खिडकी पडते. गडद खड्यात हे उशिरा कळतं, फिक्यात आठवड्याभरात.

इलाज स्वयंपाकघरातच आहे. कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं भिजत ठेवायचं, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने अंगठीच्या खालच्या बाजूने घासायचं. वरून घासून उपयोग नाही, मळ खाली असतो. आधी बेसिनचं भोक बंद करा. टूथपेस्ट लावू नका, धातूवर ओरखडे उठतात. सराफाकडच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकायची असेल, तर प्रमाणपत्र सोबत न्या आणि खड्यात काच भरलेली नाही याची खात्री करूनच टाकू द्या. त्याआधी अंगठी कानाजवळ धरून हलकेच हलवा. टिकटिक ऐकू आली तर प्रॉंग सैल झालेत, आणि ते दाबून घेईपर्यंत अंगठी घालू नका.