ओढणे, खेचणे, शेंदणे: इंग्रजी 'पुल'चे समानार्थी शब्द कसे निवडावेत

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी लागली, यांत्रिक होड्या किनाऱ्यावर आल्या, की मालवणकडच्या माझ्या शिकवणीतली हजेरी आपोआप सुधारते. अशाच एका पावसाळ्यात मी दहावीच्या मुलांना रापणीवर (म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका वहीत दहा ओळींत 'पुल' सात वेळा आलं. दोर पुल केला, जाळं पुल केलं, होडी पुल केली आणि शेवटी समुद्रानेही कुणाला तरी पुल केलं. व्याकरणाची चूक एकही नव्हती. पण लिहिणारा मुलगा स्वतः रापणीच्या दोराला लागलेला होता. त्याच्या हातांना जो फरक ठाऊक होता तो वहीत उतरला नव्हता.

यावर शब्दकोशातून ड्रॅग, हॉल, टो, टग, यँक, ड्रॉ अशी यादी काढून पाठ करायची, हा नेहमीचा उपाय. मुलं यादी पाठ करतात आणि पुढच्या निबंधात पुन्हा पुल लिहितात. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगतो.

आधी मराठीत ओढून पाहा

वहीच्या पानावर ओढण्याची आपली वाक्यं लिहा. रापण ओढतात, विहिरीचं पाणी शेंदतात, होडीत शिरलेलं पाणी उपसतात, पतंगाची दोरी ताणतात, हातातली पिशवी हिसकतात, पोराला शाळेत फरफटत नेतात. शेंदणे आणि हिसकणे यांची अदलाबदल आपण झोपेतही करणार नाही. इंग्रजी शब्दांतही असाच फरक असतो. तो कुणी सांगितलेला नसतो, एवढंच.

मग दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते विचारा

खरं काम इथे आहे. प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारा: वस्तू जड आहे का? ती जमिनीला घासते का? जोर एकदाच लागतो की बराच वेळ? आणि ओढणाराही पुढे चालतो का?

रापणीला बराच वेळ, अनेक माणसांचा एकसारखा जोर लागतो. त्याला शब्द आहे हॉल. (लग्नाचा नव्हे. याचं स्पेलिंग एच-ए-यू-एल.) गंमत म्हणजे जाळ्यात आलेल्या मासळीलाही इंग्रजीत हॉलच म्हणतात, त्यामुळे 'गुड हॉल' म्हणजे रापण चांगली लागली. इंजिन गाडीचे डबे ओढतं तेही हॉल. कोकण रेल्वेवर हे काम वर्षानुवर्षं डिझेल इंजिनांनी केलं, २०२२ साली सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. तासन्‌तास चालणाऱ्या विमानप्रवासाला 'लाँग-हॉल' म्हणतात, तिथेही वेळ लागण्याचीच छटा आहे.

मासे काढून झाल्यावर होडी वाळूवरून वर घेतात. तळ वाळूला घासतो, वाळू जाऊ देत नाही. हे ड्रॅग. म्हणूनच लांबत गेलेल्या सभेला 'ड्रॅग ऑन' म्हणतात आणि काम टाळत टंगळमंगळ करणाऱ्याला 'पाय ड्रॅग करणारा'. याच गोत्रात ट्रॉल येतं: तळाशी जाळं ओढत नेणं. ट्रॉलर हा शब्द किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतो, मागचं क्रियापद मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या फायली पालथ्या घालण्यालाही 'ट्रॉल थ्रू' म्हणतात.

खाडीत एका होडीचं मशीन बंद पडलं, दुसरीने दोर बांधून तिला जेटीपर्यंत आणलं, तर ते टो. इथे ओढणारी होडी स्वतः पुढे चालते. शहरात गाडी उचलून नेणाऱ्या टोइंग व्हॅनमुळे हा शब्द सगळ्यांना कळतो, थोडा रागानेच.

टग हा त्याचाच भाऊबंद, पण झटक्याचा. गरवायला बसल्यावर मासा आमिषाला लागतो आणि दोरी हिसके देते, तो टग. त्यावर तुम्ही एकदाच जोरात हिसडा मारता, तो यँक. टगमध्ये समोरची वस्तू हललीच पाहिजे असं नाही. रस्सीखेच या खेळाचं इंग्रजी नाव 'टग ऑफ वॉर' आहे. हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्येही होता.

मग पुल कुठे वापरायचं? जिथे या चारपैकी कुठल्याच प्रश्नाला महत्त्व नसतं तिथे. दार, खुर्ची, दोरी. आणि चंद्राचं ओढणं. भरती-ओहोटीमागच्या गुरुत्वाकर्षणाला पुलच म्हणतात, मग अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असो की अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती.

ड्रॉला वेगळं पान द्या

ड्रॉ हा या घराण्यातला सगळ्यात सोशिक शब्द. विहिरीतून पाणी शेंदणं ड्रॉ, पडदा ओढणं ड्रॉ, श्वास आत घेणं ड्रॉ, बँकेतून पैसे काढणं ड्रॉ, गर्दी खेचणं ड्रॉ. ओढ असते, पण धसमुसळेपणा नसतो. चित्र काढण्याला हाच शब्द कसा, असं मुलं विचारतात. आपणही रेघ ओढतोच की. टेबलाचा ड्रॉवर म्हणजे ओढून उघडायचा खण. चिठ्ठी ओढून काढतात म्हणून लॉटरीचाही ड्रॉ. त्यालाच मराठीत 'सोडत' म्हणतात. इंग्रज ओढतो, आपण सोडतो. या विरोधाचं मला दर वेळी हसू येतं.

विडीकडेही एकदा पाहा. आपण विडी ओढतो, इंग्रजीत झुरक्याला 'ड्रॅग' म्हणतात, 'पुल'सुद्धा. दोन्ही भाषांना धूर ओढायचाच असतो. (उदाहरण म्हणून सांगतोय.)

फसवे जोड वेगळे काढा

आपल्याकडे कुणाचे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली आणणं. त्या टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट कोकणात नव्याने सांगायची गरज नाही. इंग्रजीत मात्र 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणं, आणि तीही गोडीतली. एका विद्यार्थ्याने भाऊबंदकीवरच्या निबंधात हा वाक्प्रचार वापरला आणि जमिनीचा वाद एकदम विनोदी करून टाकला. तसंच पावसाने ओढ दिली, तिथे इंग्रजीतला कुठलाच ओढणारा शब्द चालत नाही. आणि ओढा हा शब्दच घ्यायचा तर तो घाटावरचा. आमच्याकडे तो व्हाळ किंवा पऱ्या.

पुलच्या मागे चिकटणारे छोटे शब्दही याच पानावर लिहा. पुल ओव्हर म्हणजे गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवणं, पुल ऑफ म्हणजे अवघड काम पार पाडणं, पुल थ्रू म्हणजे दुखण्यातून उठणं. यात तर्क लढवू नका, वाक्यासकट पाठ करा.

शेवटी बदलून वाचा

लिहिलेल्या वाक्यात दोन शब्द आळीपाळीने घालून मोठ्याने वाचा आणि डोळ्यांसमोर काय येतं ते पाहा. शंका आली तर इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातली उदाहरणं वाचा. अर्थाची ओळ नंतर. तारकर्लीच्या बाजूला न्याहारी-निवास चालवणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी पाहुण्यांसाठी इंग्रजी पाटी लिहिली होती, समुद्र पुल करतो अशी. वाचून पाहुणे हसायचे आणि पाण्यात शिरायचे. आम्ही 'पुल' काढून ड्रॅग घातलं: 'द करंट कॅन ड्रॅग यू आउट टू सी.' परतणारा प्रवाह माणसाला कसा नेतो ते त्या एका शब्दात आलं. खाली काकांनी मराठीतही लिहिलं, 'ओढ लागली तर किनाऱ्याला समांतर पोहा'. त्याचं इंग्रजी करायला ते पोर बसलंय, सातदा पुल लिहिणारं.