काळी गाडी घरी धुताना

आमची गाडी काळी. पुण्यात २०१७ साली घेतली तेव्हा सोसायटीतल्या इतरांसारखा मीही ती पुसायला माणूस लावला. एक बादली, एक फडकं आणि सकाळभरात दहा-बारा गाड्या, मग दुसरं होणार काय? दीड वर्षाने दुपारच्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या आणि पोटात कालवलं.

रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. धुळीत बारीक दगड असतो. तिच्यावरून कोरडं फडकं किंवा झटकणी फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. म्हणून आता रोज पुसणं बंद. दर दुसऱ्या रविवारी सातच्या आत, सावलीत, बॉनेट थंड असताना मीच धुते.

आधी चाकं. ब्रेकची काळी पूड सगळ्यात खरखरीत, त्यामुळे त्यांचं फडकं वेगळं आणि ते गाडीच्या अंगाला कधीच लावायचं नाही.

मग हात न लावता नुसतं पाणी. सोसायटीत पाईप चालत नाही, म्हणून मी झाडांवर फवारायचा पाच लिटरचा हातपंप घेतला. त्याने टपापासून खाली भिजवते, दोन मिनिटं थांबते, पुन्हा फवारते. सुटणारी माती इथेच सुटली पाहिजे. पावसाळ्यात मडगार्डच्या कडांना चिखल वाळलेला असतो, तिथे तिसऱ्यांदा.

बादल्या दोन हव्यातच. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. शेवटी साध्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ बघा. एका बादलीत काम केलं असतं तर तो सगळा रंगावर फिरला असता. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि दारांचा खालचा पट्टा सर्वात शेवटी. हात सरळ रेषेत, दाब न देता. मोजा जमिनीवर पडला तर तो धुवून काढल्याशिवाय वापरायचा नाही. भांड्यांचा साबण नको, तो रंगावर लावलेला वॅक्सचा संरक्षक थर काढून टाकतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून काहीजण आरओचं सांडपाणी गाडीला वापरतात. त्यात क्षार आणखी जास्त, ते फरशीला ठीक. शेवटचा फवारा मी नळाच्या पाण्याचा मारते आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून ओढत टिपते, घासत नाही.

पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवू नका. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची.

धुतलेल्या बॉनेटवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलसर ठेवून हलक्या हाताने फिरवायची. मी वर्षातून एकदाच करते. त्यानंतर वॅक्सचा पातळ थर, पुढे दर तीन महिन्यांनी.

टॉवेल आणि मोजे घरच्या कपड्यांत टाकू नका. वेगळे धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता, आणि वाळले की बंद डब्यात ठेवा.