युक्रेनियन मेनू वाचा आणि जेवण मागवा

युक्रेनमध्ये 16 जानेवारी 2021 पासून दुकानात किंवा हॉटेलात ग्राहकाशी आधी युक्रेनियनमध्येच बोलायचं, असा नियम आहे. त्यामुळे युक्रेनियन मेनू हमखास मिळतो. इंग्रजी मिळेलच असं नाही. यासाठी पदार्थांची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. लिपी ओळखता यावी, मांसाचे चार शब्द कळावेत आणि ‘झ’ व ‘बेझ’ यांतला फरक पक्का व्हावा, एवढ्यावर बहुतेक मेनू उलगडतो.

सुरुवात लिपीपासून. अक्षरं 33 आहेत. इंग्रजी ए, ई, के, एम, ओ, टी यांच्यासारखी दिसणारी साधारण तशीच वाचायची. फक्त ‘टी’चा उच्चार ट नाही, त. घोटाळा होतो तो ओळखीच्या दिसणाऱ्या इतर अक्षरांत. एचसारखं दिसतं ते न, पीसारखं ते र, सीसारखं ते स, बीसारखं ते व, वायसारखं ते उ, आणि एक्ससारखं ते घशात घासून म्हटलेलं ख. आरसा धरल्यासारखा उलटा एन म्हणजे ह्रस्व इ, उलटा आर म्हणजे या, तर आकडी तीनसारखं अक्षर म्हणजे इंग्रजी झेडचा झ. सरावाला पाटीवरचा एक शब्द पुरेसा आहे: इंग्रजीच्या सवयीने ‘पेक्टोपाह’ वाचलं जातं ते प्रत्यक्षात ‘रेस्तोरान’ असतं.

उभी रेघ आणि तिच्या डोक्यावरून उजवीकडे आडवी रेघ, या अक्षराला रशियन शिकलेले लोक ग म्हणतात. युक्रेनियनमध्ये ते आपलं ह आहे. म्हणून मश्रूम ‘ह्रिबि’, बकव्हीट (कुट्टू) ‘ह्रेच्का’, चलन ‘ह्रिव्न्या’. मराठी माणसाला उच्चार तसे सोपे जातात, कारण ‘चांगला’मधला च आणि ‘चहा’मधला च हे तिथेही वेगळे आहेत आणि त्यांना वेगळी अक्षरं आहेत. खाली ‘चांगला’मधला च ‘त्स’ असा लिहिला आहे. ह्रस्व-दीर्घही मुद्दाम पाळले आहेत: दीर्घ ई स्वच्छ म्हणा, ह्रस्व इ थोडी ‘ए’कडे झुकवून म्हणा.

मेनूचे भाग ठरलेले असतात. ‘झाकुस्कि’ म्हणजे सुरुवातीचे पदार्थ, ‘पेर्शी स्त्रावि’ म्हणजे सूप, ‘द्रुही स्त्रावि’ म्हणजे मुख्य पदार्थ, ‘हार्नीरि’ म्हणजे सोबतीला घ्यायचा भात किंवा बटाटा, ‘नापोयी’ म्हणजे पेयं.

आता मांस. ‘यालोविचिना’ गाईबैलाचं, ‘स्विनिना’ डुकराचं, ‘कुर्का’ कोंबडी, ‘रिबा’ मासा. विशेषण झालं की शेवट बदलतो, पण मूळ तेच राहतं: ‘यालोविचिय’, ‘स्विन्याचिय’, ‘कुर्याचिय’. म्हणून शब्दाची शेपूट सोडून सुरुवात ओळखायला शिका. याशिवाय ‘सालो’ (डुकराची खारवलेली चरबी), ‘श्क्वार्कि’ (त्याच चरबीचे तळलेले तुकडे), ‘शिन्का’ (हॅम) आणि ‘फार्श’ (खिमा) हे शब्द हवेतच, कारण यांपैकी एकातही ‘मांस’ हा शब्द दिसत नाही. शाकाहारी माणूस नेमका इथे फसतो.

‘झ’ म्हणजे सोबत किंवा घालून, ‘बेझ’ म्हणजे शिवाय. ‘झ’ कधी ‘ईझ’ किंवा ‘झी’ असाही दिसतो. हे शब्द नामाच्या आधी येतात आणि नामाचं रूप बदलतात, जसं आपल्याकडे ‘मीठ’चं ‘मिठाशिवाय’ होतं. ‘म्यासो’ म्हणजे मांस: मांस घालून ‘झ म्यासोम’, मांसाशिवाय ‘बेझ म्यासा’. ‘वारेनिकि’ या उकडलेल्या करंज्यांच्या यादीत हा नियम लगेच कामाला येतो: ‘झ कार्तोप्लेयु’ बटाट्याच्या, ‘झ कापुस्तोयु’ कोबीच्या, ‘झ ह्रिबामि’ मश्रूमच्या, ‘झ सिरोम’ चीजच्या. ‘सिर’ हा शब्द घट्ट चीजलाही वापरतात आणि पनीरासारख्या मऊ, आंबूस चीजलाही. वारेनिकिमध्ये बहुधा दुसरं असतं, तेही कधी गोड. नको असलेल्या गोष्टींसाठी तयार रूपं लक्षात ठेवा: ‘बेझ त्सिबुली’ कांद्याशिवाय, ‘बेझ चास्निकु’ लसणाशिवाय, ‘बेझ यायेत्स’ अंड्यांशिवाय, ‘बेझ स्मेतानि’ आंबट सायीशिवाय, ‘बेझ त्सुक्रु’ साखरेशिवाय.

बटाट्याच्या वारेनिकिवर तळलेला कांदा घालतात आणि त्यात कधी श्क्वार्किही असतात. मागवतानाच ‘बेझ श्क्वारोक’ म्हणा. बोर्श्च म्हणजे बहुधा बीटाचं सूप. त्याच्या पाककलेची नोंद युनेस्कोने 2022 मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत केली. बोर्श्चमध्ये मांसाचे तुकडे नसले तरी तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, म्हणून विचारा: ‘बुल्योन ना म्यासी?’ मेनूवर ‘पीस्निय’ असेल तर तो उपवासाचा, मांस-दूध-अंड्याविना केलेला बोर्श्च. मासा मात्र त्यातही असू शकतो. ‘झेलेनिय बोर्श्च’ हिरवा, आंबट पाल्याचा असतो आणि त्यात बहुधा उकडलेलं अंडं असतं.

भाव वाचताना आकड्याशेजारचं अक्षर बघा. ते एकटं ह असेल तर ग्रॅम, त्याच्यापुढे र आणि न असतील तर ह्रिव्न्या. 250/50 म्हणजे पदार्थ 250 ग्रॅम, सोबतचा सॉस 50. मासे आणि भाजलेलं मांस यांचा भाव अनेकदा 100 ग्रॅमचा असतो: ‘त्सीना झा 100 ह’. हे न वाचता मागवलं की बिल अंदाजाच्या तिप्पट-चौपट येतं. फळ्यावर किंवा तिरप्या अक्षरांत लिहिलेला मेनू वेगळाच दिसतो: तिथे त हे लहान एमसारखं, प हे एनसारखं, ह्रस्व इ यूसारखी. आधी छापील अक्षरं पक्की करा, मगच याकडे वळा.

मागवताना ‘दोब्रिय देन’ म्हणून सुरुवात करा. मग ‘मेनी, बुद्य लास्का,’ म्हणजे ‘मला, कृपया,’ आणि पुढे पदार्थाचं नाव: ‘मेनी, बुद्य लास्का, बोर्श्च बेझ म्यासा.’ वाक्य एवढंच असलं तरी पूर्ण आणि सभ्य आहे. ‘या ने यीम म्यासा’ म्हणजे मी मांस खात नाही. ‘म्यासा’च्या जागी ‘यालोविचिनि’, ‘स्विनिनि’ किंवा ‘रिबि’ घाला. केवळ ‘म्यासा’ म्हटलं तर मासा चालतो असा समज होऊ शकतो, म्हणून दोन्ही सांगा. ताटाकडे बोट दाखवून ‘तुत ये म्यासो?’ असं विचारता येतं. उत्तर ‘ताक’ म्हणजे हो, ‘नी’ म्हणजे नाही. हिंदी-मराठीच्या सवयीने ‘नी’कडे दुर्लक्ष करू नका, तो ठाम नकार आहे.

पाणी मागताना ‘वोदा बेझ हाझु’ म्हणा, नाहीतर सोडा येऊ शकतो. स्वतः ताट घेऊन पुढे सरकायच्या ‘यीदाल्न्या’त, म्हणजे कँटीनमध्ये, पदार्थाकडे बोट दाखवून ‘ओत्से, बुद्य लास्का’ म्हटलं की काम होतं. बांधून हवं असेल तर ‘झ सोबोयु’. शेवटी ‘राखुनोक, बुद्य लास्का’ म्हणून बिल मागा. पैसे कसे देणार असं विचारलं की ‘कार्त्कोयु’ म्हणजे कार्डाने, ‘होतीव्कोयु’ म्हणजे रोख.