बर्फाचा घाट ओलांडून समुद्राकडे: क्राइस्टचर्च ते होकिटिका, तंबूसह

ताम्हिणी उतरून दिवेआगरला तंबू ठोकलेल्या पुणेकराला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा हा रस्ता ओळखीचा वाटेल. क्राइस्टचर्चकडची कोरडी बाजू म्हणजे आपला घाटावरचा देश, मधला सदर्न आल्प्स म्हणजे सह्याद्री आणि पलीकडचा होकिटिकाचा ओला किनारा म्हणजे कोकण. वारा पश्चिमेकडून येतो, डोंगराला अडतो आणि बहुतेक पाऊस तिकडेच पाडतो. आपल्याला नवा असतो तो बर्फ. वाटेतल्या आर्थर्स पास या खिंडीची उंची 920 मीटर, म्हणजे आपला सिंहगडसुद्धा त्याहून उंच! पण ही खिंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला 43 अंशांजवळ आहे, म्हणून आपल्याकडे आषाढसरी कोसळत असताना तिथे बर्फ पडतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तरी वाटेत एक मुक्काम धराच.

तयारी पुण्यातच सुरू करा. आधीच्या हिवाळ्यात पवनेच्या काठी एक रात्र तंबूत काढा. थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून, जमिनीतून येते, हे तिथेच कळतं. म्हणून भारी स्लीपिंग बॅगेआधी चांगल्या जाड मॅटवर पैसे घाला. तिथे गाडी डाव्या बाजूनेच चालवतात, ही आपली मोठी सोय. परवाना इंग्रजीत हवा. सोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवा.

मग सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: बूट आणि तंबू धुणे. परदेशी माती आणि बिया देशात येऊ नयेत याबाबत न्यूझीलंड फार कडक आहे. जुन्या टूथब्रशने बुटाच्या तळाच्या खाचा घासा, तंबूचे खुंटे धुवा, पिशवी उलटी करून झटका. माझ्या पिशवीच्या शिवणीत राजगडचं वाळलेलं गवत निघालं होतं. न्यूझीलंड प्रवेशाच्या अर्जात कॅम्पिंगचं सामान आणि खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा, चिवडासुद्धा. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. मध मात्र नेऊच नका.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्या. नुसता ब्युटेन घेऊ नका. शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही आणि शेगडी मलूल पडते; प्रोपेन मिसळलेला डबा मागा. आणि कितीही गारठलात तरी शेगडी तंबूत किंवा गाडीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

गाडी घेताना चाकांच्या साखळ्या मागून घ्या आणि क्राइस्टचर्चमध्ये कोरड्या जमिनीवर चढवून बघा. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच साखळी लागते. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढच्यांना. साखळी चाकावर पसरायची, आतला हूक आधी, बाहेरचा नंतर, मग ताणायची. थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणायची. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला, तिसऱ्यांदा दहा मिनिटं. बर्फात बोटं बधिर झाल्यावर हीच सवय कामाला येते. साखळी असताना वेग ताशी 40 च्या आतच ठेवा.

निघण्याच्या सकाळी सरकारी वाहतूक संकेतस्थळावर घाट उघडा आहे का ते पाहा. जुलैत सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो. दहा ते तीन या वेळातच घाट पार करा. सावलीतल्या वळणावर डांबर नुसतं ओलं दिसतं, पण तो पातळ बर्फ असू शकतो. तिथे ब्रेक दाबण्यापेक्षा आधीच वेग कमी केलेला बरा. एकेरी पुलापाशी पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

मुक्कामासाठी आर्थर्स पास गावातच अ‍ॅव्हलांच क्रीक हे साधं सरकारी तळ आहे. तंबूवाल्यांनी अशाच तळांवर किंवा हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे सगळ्या सोयी असलेल्या तळावर, राहावं. वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. केआ नावाचे डोंगरी पोपट येतील. ते धीट असतात, गाडीचं रबर ओरबाडतात, बूट पळवतात. त्यांना खायला घालू नका, त्यांच्या जिवावर बेततं.

पुढे ओटिराचा लांब पूल उतरला की हवा ओलसर होते, झाडी दाटते आणि कोकणात उतरल्यासारखं वाटतं. होकिटिकाच्या किनाऱ्यावर समुद्राने आणून टाकलेल्या लाकडांचे ढीग पडलेले असतात. इथे थंडी कमी, पाऊस जास्त आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या. घोटे झाकून ठेवा. तंबू ओलाच गुंडाळावा लागला, तर त्याच संध्याकाळी कुठेतरी छपराखाली पसरून वाळवा.