तर्रीचा डाग ‘परमनंट’ नसतो

पांढऱ्या शर्टावर मिसळीची तर्री सांडली की आपण पटकन ‘परमनंट स्टेन’, म्हणजे कायमचा डाग म्हणतो. पण सहज न जाणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत वेगवेगळे नेमके शब्द आहेत. घासूनही हटत नाही तो ‘स्टबर्न’, म्हणजे हट्टी डाग. कांदा चिरून दोनदा हात धुतले तरी बोटांना येतो तो वास ‘लिंगरिंग’. आपलं ‘रेंगाळणं’ इथे अगदी चपखल बसतं. खोकला हटतच नसेल तर डॉक्टरांना ‘पर्सिस्टंट कफ’ सांगा. ‘क्रॉनिक’, म्हणजे जुनाट, हा शब्द त्यांच्यावर सोडा, मोठ्यांच्या बाबतीत खोकला साधारण ८ आठवड्यांहून जास्त टिकला की ते तो वापरतात.

‘रेसिड्यू’ मात्र नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला शिकवावा लागत नाही! फवारणीनंतर मण्यावर उरलेला औषधाचा अंश. तो मर्यादेत असल्याशिवाय माल युरोपात जात नाही. त्याचंच विशेषण ‘रेसिड्युअल’.

माझा सगळ्यात लाडका शब्द ‘इंडेलिबल’, मतदानाच्या शाईचा. ‘डिलीट’ आणि हा, दोन्हींच्या मुळाशी ‘पुसणे’ अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. म्हणून ‘इंडेलिबल’ म्हणजे न पुसता येणारं. मनावर कोरलेल्या आठवणीलाही तो शोभतो.

हे शब्द सुटे पाठ करू नका, वहीत जोडीनेच उतरवा: स्टबर्न स्टेन, लिंगरिंग स्मेल, इंडेलिबल इंक.