पहिली २०० ची ब्रेवे करायचीय? मग हे सगळं आधी करा

सायकलवर १०० किमी आरामात व्हायला लागले की पुढचा प्रश्न ठरलेला, २०० ची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राईड, जमेल का. जमेल. पाय जवळजवळ तयारच असतात, अडतं ते भलतीकडेच, बुडाशी, तळहाताशी, पोटाशी आणि घड्याळाशी. मी जितक्या जणांना ब्रेवे मध्येच सोडताना बघितलंय त्यात दम संपला म्हणून सोडणारे फार थोडे. बाकीच्यांचं असं झालं की ४० व्या किमीला काहीतरी बारीक खुपत होतं, थांबून बघायचा कंटाळा केला आणि १४० ला तेच दुखणं डोक्यावर बसलं.

फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाचा माणूस होऊन गेला, वेलोसिओ म्हणून ओळखायचे त्याला. १८८७ पासून सायकलिंगचं मासिक काढायचा, आणि सायकलला बदलता येणारे गिअर हवेतच म्हणून वर्षानुवर्षं भांडला, तेव्हा गिअर म्हणजे कमजोर लोकांची सोय असं मानणारे खूप होते. तो १९३० ला गेला आणि टूर द फ्रान्समध्ये सगळ्यांना डिरेलर (चालवताना गिअर बदलणारी यंत्रणा) वापरायला १९३७ उजाडलं, म्हणजे त्याला ते बघायला मिळालंच नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. लांब सायकल चालवणाऱ्यांसाठी त्याने सात नियम सांगितलेत, त्यातला मला सगळ्यात पटलेला म्हणजे भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या. मी त्यातला तो "आधी" उचललाय आणि सगळ्यालाच लावलाय.

तर पहिल्यांदा नियम. ब्रेवे ही रेस नाही, नंबर काढत नाहीत, दिलेल्या वेळेत स्वतःच्या भरवशावर पूर्ण करायची एवढंच. २०० ला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ब्रेवे चालवणाऱ्याला रँडोनिअर म्हणतात, आणि एका सीझनमध्ये या चारही केल्या की तुम्ही सुपर रँडोनिअर. हे सगळं जगभर मान्य करणारी संस्था म्हणजे १९०४ सालचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन, आणि सगळ्यांच्या डोक्यात असलेली मोठी राईड म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, दर चार वर्षांनी, साधारण १२०० किमी, जास्तीत जास्त ९० तास. वाटेत कंट्रोल, म्हणजे तपासणीची ठिकाणं असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. मागून गाडी घेऊन कुणी मदतीला आलेलं चालत नाही, मदत घ्यायची तर कंट्रोलवर. प्रत्येक कंट्रोल ठरलेल्या वेळी उघडतो आणि बंद होतो, १०० किमीचा कंट्रोल सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद, १५० चा १० तासांनी. ही आकडेमोड एका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवा, १२० किमी झाल्यावर डोकं भागाकार करत नाही.

तयारीचं फार लांबवत नाही. आठवड्यातून एक लांब राईड, ती दर वेळी १०-१५ किमीने वाढवत न्या, दर चौथ्या आठवड्याला कमी करा, आणि १२०-१३० पर्यंत गेलात की पुरे, पूर्ण २०० ची रंगीत तालीम लागत नाही. मधल्या दिवसात दोन छोट्या राईड. वेगापेक्षा पाय फिरायची लय बघा, मिनिटाला ८०-९० फेरे हलक्या गिअरवर मारायची सवय लागली की गुडघे वाचतात. चढावर जड गिअर रेटत बसणारे लोक पहिल्या ६० किमीत भारी दिसतात, नंतर दिसत नाहीत.

आता सीटची उंची, इथे मी स्वतः मार खाल्लाय. माझ्या एका ब्रेवेच्या आदल्या रात्री मला वाटलं सीट थोडी खाली आहे, म्हणून बोटाच्या पेरभर वर घेतली, दुसऱ्या दिवशी ९० पर्यंत काही नाही आणि मग गुडघ्याच्या मागच्या बाजूला अशी शीर ओढल्यासारखी व्हायला लागली की प्रत्येक फेऱ्याला कळत होतं. १४० ला थांबले, सीट होती तिथे आणली, पण तोवर उशीर झाला होता आणि मला सोडावी लागली. तेव्हापासून सीटपोस्टवर टेपची खूण असते माझ्या, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत मी सायकलला पाना लावत नाही. साधी पद्धत अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे नेहमीसारखा पुढचा चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. बदल करायचा तो एका वेळी दोन-तीन मिलीमीटरचा, आणि मग दोन-तीन राईड तसंच चालवून बघायचं.

हाताची शेवटची दोन बोटं बधिर होत असतील तर ती हातातली नस दबल्याची खूण, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, आणि सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का बघा, कारण तसं असेल तर सगळं वजन घसरून हातावर येतं. पॅडच्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नाही, हे कुणी सांगत नाही आणि विचारायला लोक लाजतात. तिची शिवणच घासते. घासायच्या जागी क्रीम निघायच्या आधी लावा, लाल झाल्यावर लावून उपयोग थोडा.

खाण्याचं गणित बघा. शरीरात साठलेली साखर साधारण ४००-५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास, आणि मध्यम वेगात तासाला ४००-६०० कॅलरी जातात. चरबीतूनही ताकद मिळते, पण साखर संपली की एकदम दिवे जातात, पाय दुखत नसतात तरी फिरत नाहीत, थंडी वाजते, चिडचिड होते, साधं वळण चुकतं. एकदा तिथे पोचलात की परत यायला अर्धा तास तरी जातो. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, ज्यातून ही साखर मिळते), एका मध्यम केळ्यात साधारण २५-२७ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. मी घड्याळात दर ३० मिनिटांनी बीप लावते आणि बीप झाली की दोन घास, भूक असो नसो. पहिली बीप सुटल्यानंतर अर्ध्या तासातच, तेव्हा खायची अजिबात इच्छा नसते, आणि नेमकी तीच लोक चुकवतात. घोटघोट पाणी सतत, आणि घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, मीठ हवंच, कारण नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते खरंच धोक्याचं आहे. जे काय खाणार ते आधीच्या लांब राईडला खाऊन बघितलेलं असू दे.

पंक्चरबद्दल मात्र सविस्तर. १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये शार्ल तेराँ साधारण ७१ तासांत पहिला आला, न झोपता, आणि त्याच्या सायकलला मिशेलिनचे नुकतेच आलेले, रिमवरून काढता येणारे टायर होते. त्याआधीचे हवेचे टायर रिमला चिकटवलेले असायचे, वाटेत पंक्चर म्हणजे कित्येक तासांचं काम. आज तेच काम दहा मिनिटांचं आहे, फक्त हात बसलेला पाहिजे, आणि तो घरी बसवायचा, रस्त्यावर नाही.

बहुतेकजण कुठे चुकतात सांगते, ट्यूब काढतात, नवीन टाकतात आणि पाच किमीवर परत पंक्चर. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. चाक काढल्यावर टायर एकाच बाजूने उघडा आणि ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरच्या कुठल्या अक्षरापाशी होता ते लक्षात ठेवा (मी टायर बसवतानाच कंपनीचं नाव व्हॉल्व्हपाशी आणून ठेवते). ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, ओठाजवळून फिरवा, ओठाला बारीक वारा कळतो. भोक सापडलं की ट्यूब टायरशेजारी धरा, म्हणजे टायरमध्ये नेमकं कुठे बघायचं ते कळतं. आता आतून बोट हळूच, अगदी हळूच फिरवा. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारेचे केसाएवढे तुकडे रस्त्यावर पडलेले असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला टोचतात. नखाने किंवा चिमट्याने उपटा, आणि त्यानंतरही पूर्ण टायर एकदा फिरवून बघा, कधीकधी दोन असतात. दोन भोकं शेजारीशेजारी दिसली तर काटा नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटली.

नवीन ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून मग आत टाका. टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा, शेवटी घट्ट झाला तर बाकीचा टायर रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, तिथे जागा मिळते, लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) न वापरता अंगठ्याने चढतो. हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे बाहेर डोकावत नाही ना बघा. हे सगळं मला एका जुन्या मेकॅनिकने त्याच्या स्टुलावर बसवून शिकवलं, डोळे मिटून टायर चाचपायला लावला होता. सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा, टायर फाटला तर तो आतून लावून घरी पोचता येतं.

चेनचं एकच, नव्या चेनच्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजलेल्या १२ पूर्ण जोड्या (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडी) बरोबर १२ इंच भरतात, त्या एक सोळांश इंच जास्त भरायला लागल्या की बदला, नाहीतर मागचे दाते पण खाऊन टाकते.

प्रत्यक्ष दिवशी पहिले ५० किमी मुद्दाम हळू. सगळे पळतात, सकाळची हवा असते, पाय ताजे असतात, तरी हळू. आणि थांबण्यावर लक्ष ठेवा, वेळ जातो तो तिथेच. ताशी २० ने चालवलंत तर २०० ला १० तास लागतात, म्हणजे साडेतीन तास हातात, पण चार कंट्रोलवर पाऊण पाऊण तास गप्पा मारल्या की तीन तिथेच गेले, मग एक पंक्चर आणि समोरचं वारं आलं की संपलं. कंट्रोलवर पोचायच्या आधीच मनात ठरवा, शिक्का, पाणी, बाथरूम, खाणं हातात घेऊन परत सायकलवर. १५ मिनिटं पुरतात. पण तिथे टेबल टाकून बसलेल्या माणसांशी दोन शब्द नक्की बोला, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ते फुकटात बसलेले असतात आणि त्यांच्यातले बरेच स्वतः रँडोनिअर असतात, पुढचा रस्ता कसा आहे, वारं कुठून आहे, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.

उजेडात संपेल असं वाटत असलं तरी पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट घ्याच, आणि अंधार पडायच्या आधी लावा.

शेवटच्या कंट्रोलवर कार्ड द्यायच्या आधी सगळे शिक्के, वेळा आणि तुमची सही आहे ना एकदा बघा. आणि घरी कसं जायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, स्वतः गाडी चालवत जायचं असेल तर आधी तिथेच तासभर झोपा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणालातरी चालवायला बोलवा.