पहाटेचं पाणी आणि जनरेटर: दोन लाइनी एकत्र येऊ देऊ नका

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की पहाटे द्राक्षबागेला पाणी सोडावं लागतं, बांधावर शेकोट्या पेटतात. शेतीची थ्री फेज मात्र पाळीने येते, कधी दिवसा 8 तास, कधी रात्री 10 तास. गारठा काही पाळी बघून पडत नाही. म्हणून निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे शेडमागे जनरेटर किंवा ट्रॅक्टरवर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर दिसतो. त्यावर पैसा घातलेला असतो, पण तो स्टार्टरला कसा जोडलाय हे पाहिलं की काळजी वाटते.

बऱ्याच ठिकाणी पद्धत एकच: मेन स्विच पाडायचा, जनरेटरच्या वायरी स्टार्टरला लावायच्या, झालं. पहाटे चार वाजता, अंधारात, हात गारठलेले असताना मेन पाडायचा राहिला तर जनरेटरची वीज उलटी डीपीत, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. डीपी अकरा हजारांचे साधारण चारशे व्होल्ट करते, तशीच चारशेचे अकरा हजारही करते. फॉल्ट काढायला खांबावर चढलेल्या वायरमनला लाइन बंद आहे असं वाटत असतं. सगळ्या लाइनचा भार पेलवला नाही तर बहुतेक वेळा जनरेटर दबून बंद पडतो हे खरं, पण लाइन जवळच तुटलेली असेल आणि पुढे भार नसेल तर तो चालूच राहतो. जनरेटर चालू असताना वरून लाइन परत आली तर दोन्हींचा मेळ बसत नाही, मग प्रचंड करंट, जळालेलं वाइंडिंग, कधी तुटलेलं कपलिंग.

यावर उपाय लक्षात ठेवण्याचा नाही, लोखंडाचा आहे. हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच बसवा: एका बाजूला लाइन, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो, त्यामुळे दोन्ही पुरवठे एकदम चालू होणं शक्यच नसतं. स्विच चार पोलचा घ्या, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल अशा चारही तारा तोडणारा. तीन पोलच्या स्विचमध्ये न्यूट्रल दोन्हीकडे जोडलेला राहतो आणि पुरवठे पूर्ण वेगळे होत नाहीत. साडेसात एचपीची मोटार चालताना साधारण 11 अँपिअर घेते, पण डीओएल स्टार्टरवर (मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) सुरू होताना पाच-सहा पट ओढते. म्हणून 63 अँपिअरचा स्विच माझ्या मते योग्य. शेडचे दिवे, फवारणीच्या टाकीची मोटार, सगळं चेंजओव्हरच्या पुढे, मोटारीकडच्या बाजूला घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर प्लगमध्ये खुपसणं तर आजच बंद करा. एक पिन भिंतीत आणि दुसरी उघडी, हातात जिवंत.

आपोआप बदलणारं पॅनल घेत असाल तर आतले दोन काँटॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारे स्विच, नीट बघा. एक चालू असताना दुसऱ्याच्या कॉइलला वीज मिळू नये अशी जोडणी असतेच. पण काँटॅक्ट चिकटू शकतात, म्हणून दोघांमध्ये यांत्रिक इंटरलॉकही हवा, म्हणजे एक बसलेला असताना दुसरा बसूच न देणारा अडसर. विक्रेत्याला तो उघडून दाखवायला सांगा.

ऑटो स्विच हा आपला लाडका. लाइन आली की मोटार आपली आपण सुरू. जनरेटरवर जाण्याआधी तो बंद करा, नाहीतर दांडा फिरवताच थंड इंजिनवर पूर्ण भार येतो. छपरावर ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडलेलं सोलर असेल तर ते चेंजओव्हरच्या लाइनकडच्या बाजूलाच राहू द्या. ग्रिड गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, पण जनरेटरच्या बाजूला राहिला तर तो जनरेटरलाच ग्रिड समजून त्यात वीज ढकलू शकतो.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याच्यासमोरच तपासा: मेन स्विच पाडलेला, चेंजओव्हर जनरेटरकडे, जनरेटर चालू. मेन स्विचच्या शेताकडच्या टर्मिनलवर प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. दिवा लागला तर कुठेतरी जोड चुकलाय. गावच्या वायरमनलाही जनरेटर असल्याचं कळवा. शेजारच्या मळ्यात लाइन नसताना तुमच्याकडची तार जिवंत वाटली तर वीज तक्रारीच्या 1912 या नंबरवर फोन करा.

पहिल्यांदा जनरेटरवर मोटार लावल्यावर पाणी कमी आलं तर ती बहुधा उलटी फिरतेय. दोन फेज बदलायच्या त्या जनरेटरच्या बाजूला, जनरेटर बंद करून. मोटारीकडच्या बदलल्या तर लाइनवर ती उलटी फिरेल.